धागे मोजून उमटणारी नक्षी : कसुतीचा टाका आणि सम-विषमाची गंमत



भरतकाम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रिंगेत ताणून बसवलेलं कापड, त्यावर कार्बन पेपरने उतरवलेलं फूल आणि त्या रेषेवरून फिरणारी सुई. रेषा आधी, टाका नंतर. पण भरतकामाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात कापडावर काहीही काढलेलं नसतं. ना पेन्सिलची खूण, ना छापा. कापडाचेच उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. चार धागे सोडून वर, चार धागे सोडून खाली. हिशोब बरोबर असेल तर मोर उभा राहतो. एक धागा इकडचा तिकडे झाला तर त्याच मोराची मान वाकडी होते.

या लेखात अशा 'मोजून करायच्या' भरतकामाची ओळख करून घेऊ. आपल्या सीमेवरची कसुती, दूर नॉर्वे देशातलं पांढऱ्यावर पांढरं भरतकाम आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या तांड्यांवरची सुई, अशा तीन ठिकाणी जाऊन येऊ. आणि मग पहिली ते पाचवीच्या गणिताला याचा काय उपयोग होतो ते बघू.

आधी कापड समजून घेऊ

मुलांना विचारा, कापड कशाचं बनतं? 'कापसाचं' असं उत्तर लगेच येतं. आपल्याकडे कापूस वेचणारी मुलं आहेत, त्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही. पण कापसाचं सूत झालं आणि सुताचं कापड झालं, म्हणजे नेमकं काय झालं? एखाद्या जुन्या कापडाचा तुकडा घेऊन त्याच्या कडेचे धागे ओढायला सांगा. उभे धागे वेगळे निघतात, आडवे वेगळे. उभा तो ताणा आणि आडवा तो बाणा. एक वरून, एक खालून, असे ते एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणजे प्रत्येक कापड हे मुळात चौकटीच्या वहीचं पान आहे. फरक इतकाच की साध्या सुती कापडाच्या चौकटी फार बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

मोजून करायच्या भरतकामाला म्हणूनच असं कापड लागतं ज्याचे धागे दिसतात आणि जे उभे-आडवे सारख्याच अंतरावर असतात. आपल्याकडे दोसुती किंवा मॅटी नावाने जे कापड मिळतं ते याच कामाचं. आपल्या आई-मावश्यांनी शाळेत असताना फुलीच्या टाक्याचे रुमाल आणि टेबलक्लॉथ केले ते याच कापडावर.

कसुती : सीमेवरची कला

धारवाड, बेळगाव, विजापूर या भागात कसुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नाव कानडी. 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत, हातांनी सुतावर केलेलं काम. आपल्या मराठीत 'कशिदा' हा शब्द आहे, तो कानाला जवळचा वाटतो, पण त्याचं मूळ फारसीत आहे. दोन शब्द वेगळ्या वाटांनी आले आणि सीमेवर शेजारी बसले.

कसुती प्रामुख्याने उतरली ती इरकल साडीच्या पदरावर आणि खणाच्या चोळीवर. इरकल गाव बागलकोट जिल्ह्यातलं. पण इरकल लुगडं काही तिथंच राहिलं नाही. सोलापूर, लातूर, बीड, जालना, सगळीकडे आज्यांच्या अंगावर ते होतं. घरातली जुनी ट्रंक उघडली तर अजूनही एखादं सापडेल. त्या भागात लग्नात मुलीला काळी चंद्रकाळी साडी द्यायची रीत होती आणि तिच्यावर कसुतीचं काम असायचं. आपल्या मराठी घरांत संक्रांतीला नेसतात ती चंद्रकळा तुम्हाला लगेच आठवली असेल.

या नक्षीत काय काय असतं? देवळाचं गोपूर, रथ, पालखी, तुळशी वृंदावन, समई, नंदी, हत्ती, मोर, पोपट, कमळ. बाईच्या रोजच्या बघण्यातलं जग. पण हे सगळं सरळ आणि तिरप्या रेषांत बसवलेलं, कारण धागे मोजून गोल वळण काढता येत नाही. हत्तीची पाठसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी चढते.

चार टाके

कसुतीचे मुख्य टाके चार.

१. गवंती – कानडीत 'गंटु' म्हणजे गाठ, त्यावरून हे नाव आलं. दिसायला हा आपला धावदोराच. गोधडी शिवताना आजी घालते तसा. एक टाका वर, पुढचा खाली. पण इथं टोकाला पोचल्यावर काम संपत नाही. त्याच वाटेने परत यायचं आणि येताना राहिलेल्या रिकाम्या जागा भरायच्या. त्यामुळे रेषा अखंड होते, आणि दोन्ही बाजूंना अगदी सारखी दिसते.

२. मुर्गी – हाही जाऊन-येऊन करायचा टाका, पण पायऱ्यांसारखा. एक टाका आडवा, एक उभा, पुन्हा आडवा. गोपुराचे उतार आणि नागमोडी काठ याने होतात. याच्याही दोन्ही बाजू सारख्या.

३. नेगी – 'नेय' म्हणजे विणणे. लांब-आखूड धावदोरे एकाखाली एक घालत जायचे. लांबून पाहिलं तर नक्षी मागावरच विणली आहे असं वाटतं. याची उलट बाजू वेगळी दिसते.

४. मेंथी – म्हणजे मेथी. मेथीचे दाणे पसरावेत तसा दिसणारा, आपल्या ओळखीचा फुलीचा टाका. भरीव जागा भरायला वापरतात. याला दोरा जास्त लागतो आणि मागची बाजू पुढच्यासारखी होत नाही.

कसुतीत दोऱ्याला गाठ मारत नाहीत. सुरुवातीचं टोक थोडं लांब सोडतात आणि नंतर टाक्यांच्या आत फिरवून लपवतात. गाठ मारली तर उलट बाजू बिघडते, आणि पदर तर दोन्ही बाजूंनी दिसतो. आपल्या शेजारच्या पैठणच्या पैठणीलाही हीच कसोटी लावतात. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ असते. मागावर असो की सुईवर, कारागिराचा खरा हिशोब उलट बाजूला कळतो. बाजारात कसुती म्हणून विकली जाणारी साडी उलटून बघा. मशीनचं काम असेल तर मागे बॉबिनचा वेगळा दोरा दिसेल.

दोन्ही बाजू सारख्या कशा होतात?

आता खरा गणिताचा भाग. फळ्यावर एक सरळ रेषा काढा, १० टाक्यांची. सुई निघाली. पहिला टाका कापडाच्या वर दिसतो, दुसरा खाली जातो, तिसरा वर, चौथा खाली. म्हणजे १, ३, ५, ७, ९ हे विषम टाके वर आणि २, ४, ६, ८, १० हे सम टाके खाली. आता परतीचा प्रवास. अकरावा टाका वर येणार, आणि तो पडतो दहाव्या जागेवर, जिथे आधी वरची बाजू रिकामी होती. बारावा खाली जातो, नवव्या जागेवर. असं करत विसाव्या टाक्याला आपण सुरुवातीच्या जागी. प्रत्येक जागा एकदा वरून भरली, एकदा खालून. दोन्ही बाजू सारख्या!

पण नक्षी म्हणजे नुसती सरळ रेषा नसते. वृंदावनावर तुळस आहे, तिला फांद्या आहेत. वाटेत फांदी आली तर? उत्तर सोपं आहे : फांदीवर शेवटपर्यंत जायचं, तसंच परत यायचं आणि मग मुख्य रेषेवर पुढे निघायचं. फांदी ३ टाक्यांची असेल तर जायला ३, यायला ३, मिळून ६. फांदी ५ टाक्यांची असेल तर १०. कुठलीही संख्या तिच्यातच मिळवली की उत्तर नेहमी सम येतं. म्हणून फांदी कितीही लांब असो, मुख्य रेषेवरचा 'वर-खाली' हा क्रम बिघडत नाही. दुसरीच्या मुलाला 'दुप्पट नेहमी सम असते' हे वाक्य आपण पाठ करायला लावतो. इथं ते बोटांना कळतं.

आता जरा फसवं कोडं. प्रत्येक बाजू ६ टाक्यांची असलेला चौरस घ्या. परिमिती २४ टाके. एक फेरी पूर्ण झाली, आपण सुरुवातीला आलो. मुलं म्हणतील, आता त्याच दिशेने दुसरी फेरी मारू, रिकाम्या जागा भरतील. करू द्या. पंचविसावा टाका विषम, म्हणजे वर येणार, आणि पहिल्या जागेवर तर आधीच वरचा टाका आहे! दोऱ्यावर दोरा बसतो आणि रिकाम्या जागा रिकाम्याच राहतात. चोविसाव्या टाक्यानंतर मागे फिरलं तरच गणित जुळतं. असं का? कारण चौकटीच्या कापडावर सरळ टाक्यांनी केलेली कुठलीही बंद आकृती सम टाक्यांचीच असते. जितकं उजवीकडे गेलो तितकं डावीकडे यावं लागतं, जितकं वर तितकं खाली. पाचवीच्या मुलांना विषम टाक्यांची बंद आकृती काढून दाखवा म्हणावं. तासभर वर्ग शांत राहील.

शिक्षकांसाठी एक गोष्ट आणखी. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या सुमारास क्यॉनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन फेरी पूर्ण करता येईल का, असा तो प्रश्न होता. उत्तर 'नाही' असं आलं, कारण प्रत्येक चौकात मिळणारे रस्ते सम असतील तरच निघालो त्या जागी परत येता येतं, आणि तिथे ते विषम होते. कसुतीत प्रत्येक वाट दोनदा चालायची असते, म्हणून प्रत्येक चौकात वाटा आपोआप सम होतात. तुळस असो वा रथ, नक्षी सलग असेल तर एकाच दोऱ्याने पूर्ण करून सुरुवातीच्या जागी येता येतं. ज्या बायकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या हे नियम हाताने पाळत होत्या. त्यांना गणित येत नव्हतं असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

नॉर्वेतलं पांढऱ्यावर पांढरं

युरोपच्या उत्तरेला नॉर्वे देश आहे. तिथे समुद्राचे लांबच लांब फाटे डोंगरांमध्ये घुसलेले असतात, त्यांना फियोर्ड म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या हार्डँगर फियोर्डच्या परिसरावरून एका भरतकामाला नाव पडलं आहे, हार्डँगर. पांढरं कापड, पांढराच दोरा. तिथल्या बायकांच्या पारंपरिक पोशाखाला बुनाड म्हणतात, त्यावर बांधायच्या पांढऱ्या एप्रनवर हे काम मानाने असतं. रंगच नसल्यामुळे नक्षी दिसते ती उंच-सखल टाक्यांमुळे आणि मधल्या जाळीमुळे.

ही जाळी कशी करतात ते समजून घेण्यासारखं आहे. आधी धागे मोजून भरीव टाक्यांचे छोटे ठोकळे करतात. एका ठोकळ्यात ४ धाग्यांवरून जाणारे ५ टाके, एकमेकांना लागून. चार धाग्यांच्या रुंदीत पाच टाके का? कारण टाका धाग्यांच्या मधल्या फटीत बसतो, आणि ४ धाग्यांच्या दोन्ही कडा धरून फटी होतात ५. आपल्या शेताच्या कुंपणाचं उदाहरण द्या : खांबांमधल्या ४ अंतरांना खांब ५. गणितात मुलं नेहमी गोंधळतात ते नेमकं इथं.

ठोकळे समोरासमोर जुळले की मग धारदार, बारीक टोकाची कात्री हातात घ्यायची. टाके ज्या दिशेने घातले आहेत त्याच दिशेचे चार धागे टाक्यांच्या टोकाशी कापायचे आणि मधून ओढून काढायचे. कापलेली टोकं ठोकळ्याने घट्ट धरून ठेवलेली असतात, त्यामुळे कापड उसवत नाही. मध्ये जे धागे उरतात त्यांच्यावर सुईने दोन वरून, दोन खालून असं विणून दांड्या करतात आणि रिकाम्या चौकोनात दोऱ्याचे नाजूक फास टाकून भरण करतात. अशी जाळी तयार होते.

यासाठीच्या खास कापडात इंचाला धाग्यांच्या २२ जोड्या असतात. म्हणजे ४ जोड्यांचा ठोकळा साधारण साडेचार मिलिमीटरचा. इतक्या छोट्या जागेत पाच टाके, आणि एक धागा चुकून पलीकडचा कापला गेला तर आठवड्याचं काम वाया. कसुतीत मोजणी चुकली तर टाका उसवता येतो. हार्डँगरमध्ये कापलेला धागा परत जोडता येत नाही. म्हणून ते लोक कापण्याआधी पुन्हा मोजतात. उत्तर लिहिल्यावर ताळा करून बघ, असं आपण मुलांना सांगतो ना, तेच हे.

आपल्या तांड्यावरची सुई

आता घरी येऊ. आपल्या जिल्ह्यात मंठा, परतूर या बाजूला बंजारा समाजाचे तांडे आहेत. बंजारा बायकांचा फेटिया आणि कांचळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आरसे, कवड्या, रंगीत दोरे, आणि त्यांच्यामधून चौकोन, त्रिकोण, नागमोडी पट्टे. बारकाईने बघा, तिथेही भूमितीच आहे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते लोक आणि आपल्या तांड्यातले लोक एकाच गोर समाजाचे.

पण आपल्याकडे हे काम आता आज्यांच्या हातात उरलं आहे. सुना साडी नेसतात, नाती ड्रेस घालतात. फेटिया सणाला किंवा लग्नाला बाहेर निघतो. भरतकामाची कुणी मुद्दाम शिकवणी घेत नाही, ते मांडीला मांडी लावून बसल्यावर येतं. आणि बसायला वेळ कुठे आहे? दिवाळी झाली की अनेक घरं ऊसतोडीला जातात. मुलंही जातात. पाडव्याच्या आसपास परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि आपण हजेरीपत्रकाकडे पाहून म्हणतो, हे मूल गणितात कच्चं आहे.

मला वाटतं, इथे थोडं थांबायला हवं. ज्या मुलीची आजी आरशाभोवती मोजून टाके घालते, तिच्या घरात गणित नाही असं कसं म्हणायचं? ते आहे, फक्त आपल्या पुस्तकाच्या भाषेत नाही. आजींना एक दिवस वर्गात बोलवा. त्यांना भाषण करायला सांगू नका, खुर्ची-हार-नारळही नको. सतरंजीवर बसून कांचळीचा एक कोपरा भरायला सांगा आणि मुलांना विचारू द्या : इथं किती सोडले? का सोडले? गोरमाटीतला एकेक शब्द फळ्यावर मराठीशेजारी लिहा. आजीचं काम फळ्यावर लिहिलं जातंय हे त्या नातीला दिसणं, हाही एक धडाच आहे.

वर्गात कसं घ्यायचं?

खर्चाची काळजी करू नका. दोसुती नसेल तर धुतलेलं बारदान चालतं. त्याचे धागे जाड आणि मोकळे, लहान मुलांनाही मोजता येतात. दोरा म्हणून उरलेली लोकर. सुई मात्र दाभण नको, लोकरीची बोथट प्लास्टिकची सुई घ्या.

• पहिली-दुसरी : १ सेंटीमीटरमध्ये किती धागे ते मोजणे. दहा टाक्यांची रेषा जाऊन-येऊन करणे. सम कुठे, विषम कुठे ते बोटाने दाखवणे.

• तिसरी : चौकटीच्या वहीत अर्धी समई काढून द्या, उरलेली अर्धी मुलांनी पूर्ण करावी. हीच सममिती. मग ती कापडावर. कापड आधी दोनदा दुमडून मधला बिंदू शोधायला लावा.

• चौथी : चौरस, आयत आणि त्यांची परिमिती टाक्यांत मोजणे. वरचं 'दुसरी फेरी' कोडं इथे द्या.

• पाचवी : दोऱ्याचा अंदाज. समजा बारदानात १ सेंटीमीटरला ५ धागे आहेत आणि टाका ४ धाग्यांचा आहे. म्हणजे एक टाका ८ मिलिमीटर. २४ टाक्यांच्या चौरसाला दोन्ही बाजू मिळून ४८ टाके. ४८ × ८ = ३८४ मिलिमीटर, म्हणजे ३८.४ सेंटीमीटर. टोकं लपवायला आणि कापडाच्या जाडीला थोडा जास्त दोरा घ्यावा लागेल. किती जास्त? करून बघा आणि मोजा.

तपासताना नेहमी उलट बाजू बघा. 'चूक' असा शेरा मारू नका. कुठल्या टाक्यापासून क्रम बिघडला ते मुलालाच शोधू द्या. उसवून परत घालता येतं, ही या पाटीची मोठी सोय आहे. आनंददायी शनिवारी हे छान बसतं, पण खरं तर हा गणिताचाच तास आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली तेव्हा हेच सांगितलं होतं की हस्तकला ही शिकण्याची जोडवस्तू नाही, तिच्यातूनच बाकीचे विषय शिकवता येतात.

एक विनंती पालकांना. 'मुलाच्या हातात सुई कशाला?' असा प्रश्न येतो. गावातला शिंपी कोण असतो ते आठवा. मुंबईत जरीकाम करणारे कारागीरही बहुतेक पुरुषच आहेत. सुईला मुलगा-मुलगी कळत नाही, तिला फक्त मोजणं कळतं.

आणि जी मुलं दिवाळीनंतर जाणार आहेत त्यांच्या दप्तरात एक वीतभर बारदान, सुई आणि लोकरीची गुंडी द्या. सोबत चौकटीच्या कागदावर एक नक्षी. फडावर वीज नसेल, पुस्तक भिजेल, मोबाईलला रेंज नसेल. पण धागे मोजायला यातलं काहीच लागत नाही. परत आल्यावर ते कापड उलटून बघा. त्या मुलाने काय शिकलं आणि कुठे अडलं, हे कुठल्याही चाचणीआधी तिथे दिसेल.